पिंपळपानाची जाळी घरी कशी करायची (आणि वहीत ठेवून ती का होत नाही)

लहानपणी मोरपीस वहीत ठेवून त्याला पेन्सिलीचा भुगा खायला घातला की त्याला पिल्लू होतं यावर माझा पूर्ण विश्वास होता, आणि तेवढाच विश्वास पिंपळाच्या पानावर. पान वहीत ठेवायचं, सारखं सारखं उघडून बघायचं नाही, मग एक दिवस त्याची आपोआप जाळी होते म्हणे. माझं इतिहासाच्या वहीतलं पान दहावीनंतर रद्दी काढताना सापडलं. तपकिरी झालेलं, पापडासारखं, हातात घेतलं आणि चुरा. जाळीबिळी काही नाही.

आता कळतं की होणारच नव्हती. पानात ढोबळ मानाने दोन गोष्टी असतात, एक शिरा, ज्या लाकडासारख्या चिवट असतात, आणि दुसरा त्यांच्या मधला मऊ हिरवा गर. पान पाण्यात कुजलं की जीवाणू आधी तो मऊ गर खातात, शिरांना हात लावायला त्यांना खूप वेळ लागतो, आणि आपण नेमकं मध्येच पान बाहेर काढायचं. वहीत काय होतं, पान वाळतं. वाळलं म्हणजे टिकलं, पण गर जागच्या जागी. ज्यांच्या वहीत खरंच जाळी झाली त्यांनी बहुतेक पावसाळ्यात झाडाखालच्या ओल्या पाचोळ्यातलं, अर्धं कुजलेलंच पान उचलून ठेवलं असणार, म्हणजे काम ओल्या पाचोळ्याने आधीच केलेलं, श्रेय मात्र वहीला.

तर ही कृती एकदम नवीन माणसासाठी लिहितेय. खर्च जवळजवळ शून्य, लागतो तो वेळ, साधारण महिनाभर. घाई असेल त्यांच्यासाठी सोड्याची पद्धत पण पुढे दिलीये, पण खरं सांगायचं तर मला ती तितकीशी आवडत नाही.

पान कुठलं घ्यायचं

पहिल्यांदा करताय तर पिंपळच घ्या, दुसरं काही नको. पान पातळ, शिरांची जाळी दाट आणि मजबूत, आणि आकार असा की काही न करता नुसतं ठेवलं तरी छान दिसतं (भारतरत्नाचं पदक उगीच पिंपळपानाच्या आकाराचं नाहीये). जमायला लागलं की कवठी चाफा, आंबा वगैरे करून बघा, ती पानं जाड असतात, वेळ जास्त लागतो. केळ, कर्दळ, बांबू, गवत यांच्या नादी लागू नका, त्यांच्या मुख्य शिरा एकमेकींना समांतर धावतात त्यामुळे गर गेला की हातात जाळी नाही, नुसते दोरे येतात. दसऱ्याचं सोनं, म्हणजे आपट्याचं पान, मी दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा मधोमध फाटलं, तुम्हाला जमलं तर मला सांगा.

पान पूर्ण वाढलेलं, गडद हिरवं हवं. फाल्गुन-चैत्रात येणारी ती तांबूस कोवळी लुसलुशीत पालवी दिसायला कितीही गोड असली तरी तिच्या शिरा कच्च्या असतात, गराबरोबर त्याही जातात. पान उन्हाकडे धरून बघा, टाचणीएवढं भोक किंवा किडीचा डाग दिसला तर ते बाजूला, कारण आत्ता टाचणीएवढं आहे ते शेवटी चार आण्याएवढं होतं. नुकतं गळलेलं पिवळं पान चालतं, कुरकुरीत झालेलं नाही चालत. आणि पंधरा-वीस पानं आणा. नवशिक्याची निम्मी फाटतात, माझी पहिल्या खेपेला वीसातली पाच वाचली होती.

आता पिंपळाची पानं तोडायची म्हणजे घरात चर्चा होणार. आमच्या सासूबाईंचं म्हणणं, शनिवारी नको, तिन्हीसांजेला तर अजिबात नको, मुंजा असतो. मी वाद घालत नाही, सकाळी जाते. त्याहून सोपा उपाय म्हणजे बिल्डिंगच्या भिंतीतून, ड्रेनेजच्या पाइपाजवळून उगवलेले पिंपळ. पक्षी फळं खातात, बी कुठेही पडतं आणि तिसऱ्या मजल्यावर झाड तयार. सोसायटी ते वर्षातून एकदा काढतेच, काढणाऱ्याला आधी सांगून ठेवलं की पिशवीभर पानं मिळतात आणि कोणाच्या भावनाही दुखावत नाहीत. नॅशनल पार्कातून किंवा अभयारण्यातून मात्र काही आणू नका, तिथलं पानसुद्धा उचलून न्यायची परवानगी नसते.

तोडताना देठ पूर्ण ठेवा, पुढे सगळं उचलणं-धरणं त्या देठावरच आहे. पांढरा चीक येतो, तो कपड्याला लागला तर डाग जात नाही आणि काही जणांना खाजही येते, म्हणून घरी आल्यावर पानं आधी नळाखाली धुवून घ्या.

भिजत घालणे

एक पसरट झाकणवाला डबा घ्या, आइस्क्रीमचा जुना चालेल. पानं दुमडता कामा नये, सपाट बसली पाहिजेत. पाणी पानांच्या वर दोन-तीन बोटं. पानं तरंगतात म्हणून वर एखादी जुनी बशी ठेवा. पाणी नळाचं चालतं, मी त्यात कुंडीतली चमचाभर माती टाकते, विरजण लावतो ना तसं समजा, मातीतले जीवाणू आले की काम लवकर सुरू होतं.

मग डब्यावर जुन्या ओढणीचा तुकडा टाकून रबरबँड लावायचा, आणि ही पायरी गाळायची नाही. कारण सांगते. पहिल्या वर्षी मी उघडा डबा गॅलरीत ठेवला होता, अठरा दिवस झालेले, आणि डेंगीच्या अळ्या तपासायला घरोघरी येतात त्या ताई आल्या. त्यांनी बॅटरी मारली, आत वळवळ दिसली, माझ्याकडे एक नजर टाकली आणि सगळा डबा मोरीत ओतला. चौदा पानं गेली. बरोबरच केलं त्यांनी, मलाच लाज वाटली. कापड घट्ट बांधलेलं असलं की डास आत जाऊन अंडी घालू शकत नाही.

आठवड्यातून एकदा निम्मं पाणी काढून नवीन घालायचं. सगळं बदलू नका, तयार झालेले जीवाणू पण जातात आणि परत पहिल्यापासून सुरुवात. काढलेलं पाणी झाडांना घाला. वास येतो, हे आधीच सांगून ठेवते, दुसऱ्या आठवड्यात सगळ्यात जास्त, अगदी तुंबलेल्या गटारासारखा, तेव्हा डबा गॅलरीच्या लांबच्या कोपऱ्यात ठेवा आणि पाहुणे यायचेत त्या दिवशी झाकण लावून टाका. काम हवेवर अवलंबून आहे, गरम दमट हवेत माझी पानं तीन ते चार आठवड्यांत होतात, थंडीत सहा आठवडे पण लागलेत. दिवाळीला हवी असतील तर अनंत चतुर्दशीच्या आसपास भिजत घाला. मग पितृपक्ष लागतो, त्यात नवीन काही सुरू करू नये म्हणतात, पण आधीच कुजत घातलेल्याला कोण काय म्हणणार.

झालं की नाही कसं ओळखायचं? एक पान बाहेर काढून कडेला अंगठा आणि बोटाने हलकंच चोळा. भिजवलेल्या बदामाचं साल कसं सुळ्ळकन सरकतं, तसं वरचं साल सरकलं पाहिजे. हिरवा रंग घट्ट धरून बसला असेल तर अजून आठ दिवस. आणि देठच हातात आला तर उशीर झालाय, ते पान गेलं. म्हणून दोन आठवड्यांनंतर दर तीन-चार दिवसांनी एकेक पान तपासत जायचं, सगळी एकाच दिवशी तयार होत नाहीत, एकाच झाडाची असली तरी.

साफ करणे, म्हणजे खरं काम

इथेच सगळं जमतं किंवा फाटतं, त्यामुळे सावकाश सांगते आणि तुम्हीही सावकाश करा. एका वेळी एकच पान, उजेडात बसून, आणि टीव्ही लावला तरी कानाने ऐकायचं, बघायचं नाही.

पांढरी पसरट परात किंवा ट्रे घ्या, त्यात बोटभर पाणी. पाणी हवंच, कारण पाण्यात पान स्वतःचं वजन स्वतः पेलतं, कोरड्या ताटात ते चिकटतं आणि सोडवताना जातं. परातीत आधी प्लास्टिकचा एक तुकडा ठेवा, दुधाची पिशवी कापून उघडलेली मस्त होते, आणि त्यावर पान पालथं, म्हणजे ज्या बाजूला शिरा वर आलेल्या दिसतात ती बाजू वर.

आधी साल. पानाला दोन्ही बाजूंना मेणचट पातळ पापुद्रा असतो, तो मधल्या शिरेजवळून बोटाने कडेकडे ढकलला की सुटून येतो, कधी कधी अख्खा एका झटक्यात निघतो आणि इतकं बरं वाटतं की काय सांगू. निघत नसेल तर ओढायचं नाही. मग जुना मऊ टूथब्रश, किंवा लहान मुलांचा त्याहून चांगला. ब्रशने घासायचं नाही, टोचायचं. म्हणजे केस उभे धरून पानावर टप टप टप असं हलकं आपटत राहायचं, गर सुटून पाणी हिरवट गढूळ होतं. पाच मिनिटांनी पाणी बदला, पान उलटा, परत टप टप. बऱ्यापैकी गर गेला की मगच ब्रश हळू फिरवायचा आणि तो कायम मधल्या शिरेकडून कडेकडे, कधीच उलटा नाही. कडेकडून आत फिरवला की बारीक शिरा उचकटतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आठ पानं घालवून कळलं.

दोन जागा फार नाजूक. एक, देठ जिथे पानाला मिळतो ती. दुसरी, पिंपळाची ती लांब शेपटी. शेपटीला ब्रश लावूच नका, रंगाचा शून्य नंबरचा ब्रश किंवा नुसता बोटाचा गुबगुबीत भाग वापरा. शेपटी तुटलेलं पिंपळपान दिसायला कसं दिसतं माहितीये, मिशी काढलेल्या काकांसारखं, काय बदललंय ते पटकन कळत नाही पण काहीतरी चुकतंय.

मध्येच एखादा हिरवा ठिपका निघतच नाही. त्याच्यामागे लागू नका, पान परत डब्यात टाका, चार दिवसांनी बघा. माझी जेवढी पानं फाटलीत त्यातली निम्मी त्या शेवटच्या ठिपक्यापायी.

झालं की पान हाताने उचलायचं नाही. खालचा प्लास्टिकचा तुकडा दोन बाजूंनी धरून सरळ वर घ्यायचा, पान त्याच्यावर बसून येतं, पाणी निथळतं. पहिल्यांदा उजेडाकडे धरून बघाल ना, त्या शिरांच्या मधल्या उपशिरा, त्यांच्यामधली अजून बारीक घरं, बारीक घरांत पण कधी कधी एक टोक नुसतंच मध्ये येऊन थांबलेलं. मी दर वेळी कामं सोडून पाच मिनिटं बघत बसते.

घाई असेल तर सोडा

धुण्याचा सोडा घ्यायचा, खायचा सोडा नाही, खायच्या सोड्याने इतका वेळ उकळूनही नीट होत नाही. एक लीटर पाण्याला साधारण साठ ग्रॅम, म्हणजे चार मोठे चमचे. त्यात पानं टाकून मंद आचेवर एक ते दोन तास ठेवायचं, खळखळ उकळी नको, पाणी आटलं तर घालत राहायचं. साल सरकायला लागलं की गॅस बंद, गार होऊ द्या, पानं दोन-तीन पाण्यांतून काढा, मग वरच्यासारखंच परात आणि ब्रश.

भांडं स्टीलचं हवं आणि ते परत स्वयंपाकाला वापरायचं नाही. ॲल्युमिनियमचं तर अजिबात नको, सोडा ॲल्युमिनियम खातो. मी केलं होतं, पातेलं आतून काळंकुट्ट झालं आणि ते नेमकं आईचं दूध तापवायचं पातेलं होतं, तो विषय आमच्या घरी अजून निघतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, लहान मुलं त्या वेळी दुसऱ्या खोलीत. मुलांबरोबर करायचं असेल तर पाण्याचीच पद्धत बरी, त्यात फार तर नाक धरावं लागतं.

मला सोडा का आवडत नाही, तर यात गराबरोबर शिरा पण थोड्या मऊ पडतात आणि जाळी लिबलिबीत होते. पाण्यात हळूहळू कुजवलेलीला एक ताठपणा असतो.

पांढरं करणं आणि रंग

साफ झालेली जाळी फिकट तपकिरी असते. मला तीच आवडते, पण पांढरी हवी असेल तर केमिस्टकडे मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड पाण्यात मिसळून त्यात काही तास ठेवा आणि अधूनमधून बघत राहा. कपड्यांचं ब्लीच पण चालतं, कपभर पाण्याला एक-दोन चमचे, पण ते दहा-पंधरा मिनिटांत काम करतं आणि विसरलात तर पान ठिसूळ होतं. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेट क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. शेवटी साध्या पाण्यात भरपूर धुवायचं.

रंगासाठी खायचे रंग, शाई, कोरा चहा, कपड्यांची नीळ, सगळं चालतं. निळीत बुडवलेलं पान मला सगळ्यात जास्त आवडतं. हळदीची एक गंमत. मी सोड्यात केलेली पानं नीट न धुताच हळदीच्या पाण्यात टाकली, पिवळी व्हायच्या ऐवजी डोळ्यादेखत लालसर झाली! मी घाबरले, सासूबाई हसल्या, म्हणाल्या, "अगं, कुंकू कसं करतात मग?" हळदीला चुन्यासारखं काही अल्कली लागलं की ती लाल होते, सोडा पण त्यातलाच. त्यामुळे पिवळं हवं असेल तर सोडा पूर्ण धुवा. आणि हळदीचा रंग उजेडात उडतो, खिडकीत लावायच्या वस्तूला तो नको.

वाळवणे

ओलं पान थेट पेपरात ठेवलंत तर उद्याची बातमी पानावर छापून येईल. आधी दोन्ही बाजूंना कोरा कागद किंवा टिपकागद, त्याच्या बाहेर रद्दी, आणि वर वजन. आमच्याकडे हे काम जुने दिवाळी अंक करतात. अर्ध्या दिवसाने कोरा कागद बदला, नाहीतर चिकटतं. दोन दिवसांत होतं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दोन दिवसांत बुरशी येते, तेव्हा कागदाच्या मध्ये ठेवून कोमट इस्त्री फिरवा, वाफेची नको. पंख्याखाली उघडं ठेवू नका, कडा वळतात आणि पान कपाटामागे जाऊन बसतं.

मग त्याचं करायचं काय

सगळ्यात सोपं, बुकमार्क किंवा ग्रीटिंग. गडद रंगाचा जाड कागद, फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून पातळ केलेलं, ते कागदावर ब्रशने पसरायचं (पानावर नाही, पानाला लावायला गेलात की ते ब्रशलाच लपेटतं), मग पान चिमट्याने अलगद वर सोडायचं, वरून बटर पेपर ठेवून दाबायचं.

चित्र काढायचं असेल तर जाळीतून रंग खाली उतरतो, म्हणून आधी पातळ फेविकॉलचा एक हात देऊन भोकं भरून घ्या, वाळलं की ॲक्रिलिक रंग, जाडसर, पाणी कमी. माझ्या ओळखीतली एक मैत्रीण दर बुद्धपौर्णिमेला बोधिवृक्षाच्या पानावर, म्हणजे आपल्या पिंपळाच्याच, बुद्धाची नुसती बाह्यरेषा सोनेरी जेल पेनने काढते. बाकी पान रिकामं. मी गणपती काढायला जाते आणि इतकं भरते की पान दिसतच नाही.

आकाशकंदिलासाठी दोन पातळ ट्रेसिंग पेपरच्या मध्ये पानं चिकटवून ते कागद चौकटीला लावायचे, आत लाइट लागला की शिरांची सावली भिंतीवर पडते. आत एलईडीच लावा, पणती किंवा जुना गरम होणारा पिवळा बल्ब नको, हे सगळं वाळलेलं पान आणि कागद आहे, पेटायला वेळ लागत नाही.

उरलेली पानं बटर पेपरच्या मध्ये ठेवून डब्यात, बरोबर बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी, नाहीतर कसर लागते. मी एक मात्र इतिहासाच्या जुन्या वहीत ठेवलंय, आणि लेकीला अजून सांगितलेलं नाही की ते कुठून आलं.